पाच तारांचा बेस घेऊ की आजोबांचा पखवाज शिकू?

खर्जखोर:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय. घरी विचारलं तर बायको म्हणाली दोन्ही नको, आधी बाल्कनीला ग्रिल लाव. म्हणून इथे विचारतोय.

मी पुण्यात असतो, वय ३९, आयटीत. कॉलेजपासून बेस गिटार वाजवतोय. बेस म्हणजे २००९ साली एका सीनियरकडून सेकंडहँड घेतलेला चार तारांचा लाल रंगाचा, त्याची मान आता थोडी धनुष्यासारखी झालीय, वरच्या फ्रेटांवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) तार बोटाला कापते. आमचा पाच जणांचा बँड आहे, गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट असे वर्षाला आठ-दहा कार्यक्रम होतात. अभंग, भावगीतं, थोडी नवी गाणी, सगळं ड्रम्स-बेस घालून.

अडचण अशी की आमचा गायक काळी एकमध्ये गातो (म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळी पट्टीला त्याचा सा), काही गाणी काळी दोनमध्ये. बेसची सगळ्यात खालची मोकळी तार ई, म्हणजे पांढरी तीन. मग काळी एकचा सा मला ए तारेवर चौथ्या फ्रेटला मिळतो आणि त्याच्या खालचा, पोटात घुसणारा खर्जाचा सा माझ्याकडे नाहीच. अभंगाच्या शेवटी सगळे खाली उतरतात आणि मी वरच लोंबकळत असतो. पाच तारांच्या बेसला बी तार असते, तिच्या दुसऱ्या फ्रेटला तो सा मिळतो. यंदा बोनस बरा आलाय, ५५ हजारांपर्यंत जाऊ शकतो. यामाहाचा टीआरबीएक्स ३०५ आणि आयबानेझचा एसआर ३०५ हे दोन दुकानात हातात घेऊन आलो. आयबानेझची मान बारीक आहे, हाताला लगेच बसते, यामाहा जरा दणकट वाटला.

आता दुसरी गोष्ट. मे महिन्यात गावी गेलो होतो, कराडजवळ. माळ्यावर आजोबांचा पखवाज सापडला. आजोबा भजनी मंडळात वाजवायचे, मी सहा वर्षांचा असताना गेले. गोणपाटात गुंडाळलेला होता, एका बाजूची पुडी (तोंडावरचं कातडं) फाटलीय, वाद्या (पुड्या ताणणाऱ्या चामड्याच्या पट्ट्या) कडक झाल्यात, पण लाकडी खोड भक्कम आहे आणि हे जड. तेव्हापासून वाटतंय की नवा बेस घेऊन मी तेच वाजवणार जे १५ वर्षं वाजवतोय, त्यापेक्षा हे शिकलो तर? तालवाद्याला आजवर कधी हात लावलेला नाही. टेबलावर ठेका धरतो तेवढाच.

पैसे दोन्हीला होतील कदाचित, पण वेळ दोन्हीला नाही. आठवड्याला मोजून चार-पाच तास मिळतात. काय करावं?

तारेवरची_कसरत:

अरे थांब, दुकानात परत जाऊ नकोस. तुझा अर्धा प्रश्न नवा बेस न घेताच सुटतो.

काळी दोनच्या गाण्यांसाठी चारही तारा अर्धा स्वर उतरव, मोकळी ई तार काळी दोनला येते, खेळ खलास. काळी एकसाठी तीन अर्धस्वर उतरवायला गेलास तर मात्र ती तार ओल्या दोरीसारखी लोळेल, फ्रेटवर आपटून खडखडेल. त्यावर उपाय असा की पाच तारांच्या बेसच्या तारांचा सेट आण, त्यातली सगळ्यात बारीक, 'जी' (G) नावाची तार बाजूला ठेव आणि उरलेल्या चार, बी-ई-ए-डी, तुझ्या लाल बेसवर चढव. वरची 'जी' तार जाते पण खरं सांग, अभंगाला तिच्यावर काय वाजवतोस? लागलंच तर डी तारेवर वर सरकायचं.

फक्त हे स्वतः करू नकोस. बी तार साधारण .१३० जाडीची असते, तुझी आत्ताची ई तार .१०५ च्या आसपास असेल. म्हणजे नटमधली (मानेच्या टोकाला तारा जिच्यात बसतात त्या पट्टीतली) खाच कानसून रुंद करावी लागते, तार खुंटीच्या भोकात जातेय का ते बघावं लागतं, ब्रिजवरचं सॅडल (खालच्या टोकाला तार ज्यावर टेकते तो तुकडा) मागे घ्यावं लागतं नाहीतर बाराव्या फ्रेटचा स्वर बेसूर येतो. आणि मानेत ट्रस रॉड, म्हणजे घट्ट-सैल करता येणारी सळई, असतो, ती धनुष्याची भानगड बहुतेक त्यानेच सरळ होईल. मानेची तक्रार तू एका ओळीत सांगून पुढे गेलास, पण मला तर वाटतं हा सगळा धागा त्या मानेमुळेच निघालाय. बेस बोटाला कापायला लागला की माणसाला दुसरी वाद्यं सुंदर दिसायला लागतात.

अजून एक, तुम्ही कशावर वाजवता? बी तार ३१ हर्ट्झची आहे, ई ४१ ची. घरातल्या ८ इंची स्पीकरच्या छोट्या अँपमधून तो मूळ स्वर बाहेरच पडत नाही, वरचे उपस्वर ऐकू येतात आणि कान बाकीचं भरून काढतो. मांडवात नीट सबवूफर नसेल तर तुझा खर्जाचा सा फक्त तुलाच कळेल.

आणि कीबोर्डवाल्याचा डावा हात बांधून ठेवा रे, तोही खालचेच स्वर वाजवतो. पाचशे रुपयांची दोरी. निम्म्या बँडांचा बेस तिथेच गढूळ होतो.

सॅन_होजेचा_सदाशिव:

माझ्याकडे तीन बेस आहेत, एक पाच तारांचा, एक फ्रेटलेस. वाजतो तोच जुना पहिला. बाकीचे भिंतीवर छान दिसतात, पाहुणे विचारतात. एवढंच सांगून थांबतो.

माळकरी_मृदंग:

राम कृष्ण हरी माऊली. आम्ही मावळातले, लहानपणापासून दिंडीत मृदंग वाजवतो (आमच्याकडे पखवाजाला मृदंगच म्हणतात). बेसमधलं आपल्याला काही कळत नाही, पण आजोबांच्या वाद्याबद्दल लिहिलंत म्हणून बोलतो.

आधी खोड नीट बघा. आतून टॉर्च मारा, भुंगा लागलाय का, पीठ पडतंय का. बाहेरून लांब चीर गेलीय का. बोटाच्या गाठीने ठिकठिकाणी टकटक करा, एका जागी आवाज बदलला तर तिथे लाकूड पोकळ झालंय. जड आहे म्हणता तर खैर किंवा शिसव असू शकेल, ते कारागीर बघून सांगेल. खोड चांगलं असेल तर बाकी सगळं बदलता येतं, पुडी, वादी, गट्टे (वाद्यांखाली सरकवायचे लाकडी ठोकळे), काही वाया जात नाही. आजकाल नट-बोल्टचे पखवाज निघालेत, सुराला लावायला सोपे आहेत, कारागीर म्हणेल यालाही बोल्ट लावू का. माझं ऐकाल तर जुन्या खोडाला वादीच ठेवा.

कुठली पुडी फाटलीय ते लिहा. डावी म्हणजे धुमपुडी असेल तर बहुतेक उंदराने खाल्ली असणार. स्वर खाली यावा म्हणून तिच्यावर ओली कणीक थापतात, ती वाजवून झाल्यावर काढून पुडी पुसून ठेवली नाही की हेच होतं.

आणि तुमच्या त्या काळी एकचं म्हणाल तर पखवाजालाही तेच लागू आहे. उजवं तोंड मोठं तर स्वर खाली, लहान तर वर. काळी एकला बोलणारा पखवाज पांढरी चारला ओढलात तर पुडी फाटेल, नाहीतर आवाज पत्र्यासारखा येईल. आजोबा भजनात वाजवायचे म्हणजे बाप्या माणसांच्या पट्टीचाच असणार. कारागिराला पुडी घालायच्या आधीच पट्टी सांगायची.

शिकायचं म्हणाल तर आळंदीला जा. जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथली पोरं कीर्तनाबरोबर मृदंगही शिकतात, आणि आता आळंदीत गल्लोगल्ली शिकवणारे आहेत. पुण्याहून रविवारी सकाळी जाऊन दुपारी जेवायला घरी. पण माऊली, बोल (धा, दीं, ता असे वाजवायचे शब्द) तोंडात बसल्याशिवाय हात लावू देणार नाहीत, तयारी ठेवा.

डोंबिवली_फास्ट:

दादा, मी ४१ व्या वर्षी पखवाज सुरू केला, त्याआधी फक्त हार्मोनियम, तीही भिशीच्या भजनापुरती. त्यामुळे जमतं की नाही हा प्रश्न सोडून द्या, जमतं. पण कोणी सांगत नाही ते सांगते.

पहिले चार-पाच महिने तुम्ही वाजवतच नाही, आपटत असता. ता लागत नाही, लागला तर दीं बिघडतो. उजव्या हाताचं करंगळीखालचं हाड दुखतं, खांदा दुखतो. तुम्हाला बेसमुळे बोटांची ताकद असेल पण ती इथे फार उपयोगाची नाही, इथे अख्खा पंजा पडतो, थाप. उलट बेसवाल्यांची सवय मोडावी लागेल, मनगट आखडून बोटांनी काम करायची.

दुसरं, आवाज. बेसला हेडफोन लागतो, पखवाजाला लागत नाही. मी तिसऱ्या मजल्यावर राहते. खाली आजी राहतात त्या पहिल्या आठवड्यात वर आल्या आणि म्हणाल्या अगं कणीक मळतेस की बडवतेस. आता आमचं ठरलंय, संध्याकाळी सात ते आठ, त्यांची मालिका सुरू व्हायच्या आत. सतरंजी दुहेरी घालते, भिंतीला गादी उभी करते. तुम्ही आठवड्याला चार-पाच तास म्हणता, ते बहुतेक रात्री साडेदहानंतरचे असतील ना? मग त्यातले निम्मे तास पखवाजाला मिळणारच नाहीत हे धरून चाला. रात्री मी मांडीवर उशी घेऊन हात बसवते आणि तोंडाने बोल म्हणते. धा धा दीं ता किट धा दीं ता तिट कत गदि गन, चौतालाच्या बारा मात्रा, भांडी घासताना, लोकलमध्ये, सगळीकडे. लेडीज डब्यात लोक जागा देतात, घाबरून बहुधा.

परीक्षा द्यायची असेल तर गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या पखवाजाच्या परीक्षा असतात. मला त्याचा फायदा झाला, नाहीतर सराव टळतो. पण तुमच्यावर नाही ढकलणार.

ठोकताळा:

सगळे भावूक झालेत म्हणून जरा थंड पाणी ओततो. आजोबांचं आहे म्हणून वाद्य निवडू नये. माझ्या मामेभावाने हेच केलं, वडिलांची सतार होती, २० हजार घालून नीट केली, आठ महिने क्लास लावला, आता ती सतार दिवाणखान्यात आणि तो अपराधी चेहऱ्याने तिच्यासमोर टीव्ही बघतो. सतार आवडत नव्हती त्याला, वडील आवडत होते.

तू पखवाज ऐकतोस का? मुद्दाम, एकटा, तासभर? गायनाची साथ सोडून नुसतं पखवाजवादन? अर्जुन शेजवळांचं वादन शोध आणि शांत बसून ऐक. २० मिनिटांत मोबाईलकडे हात गेला तर बेस घे, पखवाज पॉलिश करून कोनाड्यात ठेव, आजोबा रागावणार नाहीत. आणि बँडला तुझ्याकडून बेस हवाय हे विसरू नको. गणपती तोंडावर आलेत, तू आळंदीला जाऊन ता दीं थुं करत बसलास तर इकडे त्यांना बदली माणूस शोधावा लागेल.

खर्जखोर:

सगळ्यांचे आभार, एवढं येईल वाटलं नव्हतं.

तारेवरची_कसरत, पकडलंस. मान खरंच वाकडी आहे आणि दोन वर्षं मी ती टाळतोय. मांडवात सब असतो, घरी माझा अँप छोटाच आहे, १५ वॅटचा. आणि कीबोर्डवाला माझा मेव्हणा आहे, त्यामुळे दोरीचं जमणार नाही.

माळकरी माऊली, डावीच फाटलीय, आणि कडेने कुरतडल्यासारखी आहे. वाळलेल्या कणकेचा एक पापुद्रा अजून चिकटलेला होता. आजोबांनी शेवटचा वाजवला असेल त्या दिवशीची असेल का ती? असो.

डोंबिवली ताई, हो, माझे तास रात्रीचेच.

ठोकताळा, तुझा प्रतिसाद वाचून आधी राग आला, मग ऐकून बघितलं. ४० मिनिटं ऐकलं, मोबाईलकडे हात गेला नाही पण एक गंमत झाली. मी सगळा वेळ डाव्या हाताकडेच कान लावून बसलो होतो. उजवीकडे एवढं चाललेलं आणि मला फक्त तो खालचा घुमारा ऐकू येत होता, तो कधी सुटतो, कधी दाबला जातो. हे बेसवाल्याचं लक्षण आहे की मला पखवाज कळतच नाही?

माळकरी_मृदंग:

कळतो माऊली, तिथूनच कळतो. ग म्हणजे डावा उघडा, क म्हणजे डावा बंद. उघडा सोडला की घुमतो, बंद केला की तिथल्या तिथे मरतो. भजनात टाळकरी वीस-पंचवीस असतात, टाळांच्या त्या गजरात उजवा हात कोणाला ऐकू येतो? डाव्याच्या घुमाऱ्यावर सगळे चालतात. नवखा वादक सगळीकडे घुमारा सोडतो, त्याला वाटतं भारी वाजतंय, आणि टाळ घसरायला लागतात. कुठे दाबायचं हे कळायला मला सहा-सात वर्षं गेली.

तारेवरची_कसरत:

माळकरी काका, तुम्ही बेसमधलं कळत नाही म्हणालात आणि बेसचा अख्खा धडा सांगून गेलात. स्वर कधी सुरू करायचा हे सगळ्यांना येतं, तो कधी तोडायचा तिथे बेसवादक ओळखू येतो. खर्जखोर, तू तार दाबून बंद करतोस का, की पुढचा स्वर येईपर्यंत वाजू देतोस? जुनं रेकॉर्डिंग असेल तर ऐक. मला शंका आहे की तुमचे अभंग जड वाटत असतील तर खर्जाचा सा नाही म्हणून नव्हे, सगळेच स्वर लोळतात म्हणून.

खर्जखोर:

तीन आठवड्यांनी परत लिहितोय.

रेकॉर्डिंग ऐकलं. लोळतात. प्रत्येक स्वर पुढच्याच्या अंगावर पडलेला. १५ वर्षांत कोणी बोललं कसं नाही, का मेव्हणा बोलला होता आणि मी ऐकलं नव्हतं, आठवत नाही.

लाल बेस कारागिराकडे दिला. मान सरळ झाली, नट नवीनच बसवला (जुना कानसण्याऐवजी, म्हणजे परत मूळ तारांवर यायचं तर जुना लावता येईल), बी-ई-ए-डी चढवल्या. तारा, नट, मजुरी सगळं मिळून ५ हजारांच्या आत. पहिल्यांदा दुसऱ्या फ्रेटवर काळी एकचा खालचा सा वाजवला तर कपाटातली काच थरथरली आणि बायको आतून म्हणाली भूकंप आला का. गेलेल्या 'जी' तारेची सवय आहे, बोट अजून रिकाम्या जागी जातं. आणि हो, सगळी बोटं एका तारेने चुकतात, पहिल्या रिहर्सलला मी दोन गाणी सरळ भलत्याच पट्टीत वाजवली, गायक माझ्याकडे बघतच राहिला.

पखवाज कराडला एका कारागिराकडे दिलाय. खोड शिसवाचं निघालं, भुंगा नाही, एक बारीक चीर आहे ती तो भरून देणार. दोन्ही पुड्या नव्या, शाईपुडीही (उजवीकडची) सैल पडली होती. वादीच ठेवली. काळी एकलाच लाव म्हटलं तर तो हसला, म्हणाला याचं तोंड बघून मीही तेच सांगणार होतो. गणपती झाल्यावर मिळेल.

क्लासचं अजून ठरवलं नाही. आळंदीला एका रविवारी जाऊन बसून आलो फक्त. दहा-बारा वर्षांची पोरं होती, त्यांच्यात मी मागे बसलो. शिकवणारे म्हणाले घरी जाऊन महिनाभर फक्त तोंडाने म्हणा, मग या. म्हणतोय. गाडीत, सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये भरपूर वेळ मिळतो. उरलेल्या पैशांचं ग्रिल लावलं.

एक शंका, माळकरी माऊली. पुडी नवी आल्यावर कणीक घरच्या पोळ्यांचीच चालते की वेगळी मळायची?

माळकरी_मृदंग:

पोळ्यांचीच, तेल न घातलेली. थोडी जास्त मळून सैल करा, आधी पुडीला ओला हात फिरवा मग मधोमध थापा. स्वर वर वाटला तर अजून एक चिमूट लावा, खाली गेला तर काढा. आणि वाजवून झाल्या झाल्या काढून टाका, उंदीर तुमच्याकडेही असतील.

डोंबिवली_फास्ट:

आणि मळायच्या आधी घरात सांगून ठेवा. मी एकदा न सांगता अर्धा गोळा उचलला, त्या दिवशी डब्यात दोन पोळ्या कमी आल्या.